मुलांच्या कॅम्पला सोबत येणाऱ्या मोठ्यांना तयार कसं करायचं (नागपूरकरांसाठी सविस्तर)

दिवाळी जवळ आली की मला फोन यायला लागतात, ताई आमच्या सोसायटीच्या पोरांना घेऊन रामटेकला दोन दिवसांचा कॅम्प करायचाय, तंबू कुठून भाड्याने मिळतील, स्वयंपाकाला कोण येईल, बस कोणाची करू. सगळं विचारतात, पण सोबत जे पाच-सात मोठे येणारेत त्यांना कोण शिकवणार हे फार थोड्यांनी विचारलंय आजवर. घरी दोन लेकरं वाढवलेला माणूस आहे, त्याला काय शिकवायचं, असं वाटतं आपल्याला. मलाही अकरा वर्षांपूर्वी तसंच वाटायचं.

मग एका कॅम्पला सहावीतल्या मुली तंबू लावत होत्या. जमीन मुरमाड, खुंटी आत जाईना, एक मुलगी दगड हातात घेऊन मऊ जागा शोधत होती, दुसरी तिला "इथं नाही, तिथं ठोक" म्हणून सांगत होती. तेवढ्यात आमच्यातले एक काका आले, "आण इकडे बेटा" म्हणाले, दोन दणक्यांत खुंटी ठोकली आणि पुढच्या चार मिनिटांत अख्खा तंबू उभा करून दिला. मुली बाजूला उभ्या राहून बघत होत्या. काकांनी मनापासून मदत केली होती, पण रात्री वारा सुटला, दोर ढिला झाला, तंबू फडफडायला लागला तेव्हा आतल्या सहाजणींपैकी एकीलाही तो ताणता येईना. रात्री दोन वाजता काकांनाच उठवावं लागलं. आणि काकांचं तरी काय चुकलं, कधी मागे उभं राहायचं हे त्यांना आम्ही सांगितलंच नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे मोठ्यांचं ट्रेनिंग आधी आणि मुलांचा कॅम्प नंतर. कॅम्प डिसेंबर-जानेवारीत असतो म्हणून आम्ही ऑगस्टपासून लागतो. तुमचे महिने वेगळे असतील तर सरकवा, पण क्रम शक्यतो हाच ठेवा.

१. माणसं निवडणं (ऑगस्ट)

व्हॉट्सॲप ग्रुपवर "कोण कोण येणार" असा मेसेज टाकून माणसं गोळा करू नका. जो हात वर करेल त्याच्याशी समोरासमोर अर्धा तास बसा, आपल्याकडून दोघं जण असू द्या. "तुम्हाला मुलं आवडतात का" हे विचारून काही कळत नाही, सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा "एखाद्या मुलाने तुमचं अजिबात ऐकलं नाही असा प्रसंग सांगा, मग तुम्ही काय केलं" असं विचारा. जो आठवून आठवून सांगतो, मधेच "तिथं माझंच चुकलं" म्हणतो, तो माणूस शिकतो. जो म्हणतो की माझ्यासमोर पोट्ट्यांची हिंमतच नाही होत, त्याला स्वयंपाक, सामान, गाडी अशी कामं द्या, मुलांचा गट देऊ नका.

त्यांना ओळखणाऱ्या दोन माणसांना फोन करून विचारा आणि पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागा. ओळखीच्या माणसाकडे दाखला मागताना आपल्यालाच अवघडल्यासारखं होतं हे मला माहीत आहे, पण सगळ्यांना एकच नियम लावला, स्वतःचा दाखला आधी पुढे ठेवला, की कोणी वाईट वाटून घेत नाही. मी तरी असंच करते.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कळसूबाई, हिमालय करून आलेला पट्टीचा ट्रेकर मुलांसोबत चांगला असेलच असं नाही. त्याचा वेग वेगळा असतो, आणि दहा वर्षांचं पोरगं वाटेत थांबून वाळवी बघत बसलं की त्याचा जीव कासावीस होतो. उलट आमच्या सगळ्यात चांगल्या लीडरपैकी एक काकू आहेत ज्यांनी पन्नाशीपर्यंत तंबू पाहिला नव्हता.

हिशोब असा ठेवा: दर ८ मुलांमागे १ मोठा, पण मुलं चारच असली तरी मोठे कमीत कमी २. मुली असतील तर महिला व्हॉलंटियर हवीच, दिवसाही आणि मुक्कामालाही.

२. पहिली बैठक: मुलांच्या सुरक्षिततेचे नियम

ही बैठक तंबू-दोरखंडाच्या आधी घ्यायची, कारण काही लोक हे ऐकून गळतात आणि गळलेलेच बरे. नियम थोडेच आहेत पण त्यात सूट नाही. कोणताही मोठा कोणत्याही मुलासोबत बंद जागेत एकटा राहणार नाही, बोलायचं असेल तर बाकीच्यांना दिसेल अशा ठिकाणी. मोठ्यांचे आणि मुलांचे तंबू वेगळे. मुलांना खाजगी मेसेज नाही, जे काही असेल ते पालकांच्या ग्रुपवर. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय फोटो नाही. मारणं, उन्हात उभं करणं, जेवण थांबवणं, चारचौघांत लाज काढणं यातलं काहीही शिक्षा म्हणून चालणार नाही.

मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांनाही लागू आहे, आणि त्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा तशी शंका जरी आली तरी पोलिसांना कळवावंच लागतं. "आपण आपसात बघू, संस्थेचं नाव खराब होईल" हा रस्ता कायद्याने बंद आहे, न कळवणं हाच गुन्हा. प्रत्येकाच्या फोनमध्ये १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन सेव्ह करून घ्या, तिथंच बसल्या बसल्या. आणि मूल काही सांगायला आलं तर काय बोलायचं तेही तोंडून म्हणवून घ्या: "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी काही चूक नाही." एवढंच बोलायचं, खोदून खोदून विचारायचं नाही, आणि "मी कोणाला सांगणार नाही" असं वचन तर मुळीच द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही.

३. एक दिवस मुलांच्या जागी (सप्टेंबर)

स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला तेव्हा पोरांचे चार छोटे गट केले आणि प्रत्येक गटाचा नायक त्यातलाच एक पोरगा ठेवला. पुढे १९१९ मध्ये इंग्लंडात गिलवेल पार्कला मोठ्यांचं ट्रेनिंग सुरू झालं तेव्हा त्या मोठ्यांनाही तसंच गटात टाकलं, तंबूत राहा, रांधा, आपला नायक आपल्यातलाच. शंभर वर्षं झाली तरी यापेक्षा चांगली पद्धत मला सापडलेली नाही.

आम्ही काटोल रोडला ओळखीच्या शेतात जातो. सकाळी सातला जमायचं, सहा-सहाचे गट, दर दोन तासांनी नायक बदलणार. दिवसभराचं मुख्य काम म्हणजे दुपारचं जेवण: गोवऱ्यांवर रोडगे आणि वांग्याची भाजी. सामान मोजून देतो, कृती सांगत नाही. आणि मुद्दाम एका गटाला सूचना घाईघाईत, अर्धवट देतो, नंतर त्यांनाच सांगतो की तुमच्यावर हा प्रयोग केला.

त्या दिवशी काय काय होतं ते बघण्यासारखं असतं. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला माणूस गोवरी पेटत नाही म्हणून चिडतो, कोणीतरी सांबार (कोथिंबीर) आणायला विसरतं आणि त्यावरून दोघं अबोला धरतात, अर्धवट सूचनावाला गट पाऊण तास नुसता उभा राहतो. दुपारी दोन वाजता रोडगे अजून कच्चे, पोटात भूक, त्यात शेजारचा गट जेवायला बसलेला, अशा वेळी मी येऊन गोड आवाजात म्हणते, "चला आता आपण एक खेळ खेळू." सगळ्यांची तोंडं बघा. संध्याकाळी बोलायला बसलो की कोणीतरी आपणहून म्हणतंच, मागच्या वर्षी मुलं खेळायला तयार नव्हती तेव्हा मी त्यांना आळशी म्हटलं होतं, ती भुकेली असतील हे डोक्यातच आलं नाही. माझ्या दहा लेक्चरांनी हे होत नाही.

४. मागे उभं राहायची प्रॅक्टिस

मला सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावासा वाटतो आणि लोक नेमकं हेच गुंडाळतात.

मोठ्या माणसाने मुलांसोबत तीन ठिकाणी उभं राहायचं असतं. पुढे, म्हणजे सांगायचं आणि करून दाखवायचं. सोबत, म्हणजे मुलाच्या हातात दोर आणि आपलाही हात दोराला. आणि मागे, म्हणजे पाच-सहा पावलांवर गप्प उभं राहायचं, सगळं दिसेल पण आपण मधे येणार नाही. एकच काम पहिल्यांदा पुढून, दुसऱ्यांदा सोबतीने आणि तिसऱ्यांदा मागून. मोठ्यांचं घोडं दुसऱ्या पायरीवर अडतं, तिसरीवर जायला त्यांना धीरच होत नाही.

प्रॅक्टिस अशी करा. वस्तीतली किंवा आपलीच सात-आठ मुलं पालकांना विचारून दोन तासांसाठी बोलवा, त्यांना तंबू किंवा ताडपत्रीचा आडोसा उभारायला द्या. शिकणाऱ्या लीडरने वीस मिनिटं हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. मुलं अडली तरी मनात साठ आकडे मोजायचे, मग सुद्धा उत्तर द्यायचं नाही, प्रश्न विचारायचा: "आत्ता काय करून पाहिलंत? अजून काय करता येईल?" वीस मिनिटं फार लांब वाटतात हो. एक दादा तर नंतर म्हणाले, ऑफिसच्या ऑडिटपेक्षा जास्त घाम फुटला.

आपण बाजूला वही घेऊन बसायचं आणि दिसलं ते लिहायचं. नंतर सांगताना "छान केलं" किंवा "जमलं नाही" असं बोलू नका, त्यातून माणसाला काही मिळत नाही. काय पाहिलं आणि त्याचं काय झालं, एवढंच सांगा: "तुम्ही ताडपत्रीचं टोक हातात घेतलंत, त्यानंतर मागची तीन मुलं बसून गप्पा मारायला लागली." किंवा, "त्या मुलीने गाठ चुकवली तरी तुम्ही थांबलात, मग तिच्या मैत्रिणीने ती दाखवली." पण आधी त्या माणसाला स्वतःला बोलू द्या, निम्म्या गोष्टी तो स्वतःच सांगतो.

आता याची दुसरी बाजू, आणि ती तितकीच पक्की हवी. पाणी, विस्तव, रस्ता, उंची, ऊन आणि साप-विंचू या सहा ठिकाणी मागे उभं राहणं नाही. तिथं मोठ्याने पुढेच असायचं, आवाज चढवून "थांब" म्हणायचं, समजावणं नंतर. आम्ही हे सहा शब्द मोठ्यांकडून पाठ करून घेतो, कारण ज्याला ही यादी पाठ आहे त्यालाच बाकीच्या ठिकाणी निवांत मागे उभं राहता येतं.

५. आपल्या भागातले धोके (ऑक्टोबर)

प्रथमोपचाराचा कोर्स जाणकार डॉक्टरांकडूनच करून घ्या, प्रत्यक्ष हाताने, नुसते व्हिडिओ दाखवून नाही. त्याच्या जोडीला आपल्याकडच्या या गोष्टी.

ऊन. आपला मे महिना ४५ च्या वर जातो, एप्रिल ते मान्सून येईपर्यंत मुलांना घेऊन मुक्कामी कॅम्प करूच नये या मताची मी आहे. मार्चमध्ये सुद्धा पायी फिरणं सकाळी नऊच्या आत संपवा. मूल थकलंय, घाम येतोय, डोकं दुखतंय, तर सावली आणि ओआरएस. पण ते असंबद्ध बोलायला लागलं किंवा अंग तापून गुंगी आली तर तो उष्माघात, तिथं आधी थंड करायचं, सावलीत आणून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा, त्याच वेळी दुसऱ्याने १०८ लावायचा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

सिकलसेल. विदर्भात हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे, त्यामुळे आरोग्याच्या फॉर्मवर दमा, फिट, ॲलर्जी यांच्यासोबत सिकलसेलचा रकाना असलाच पाहिजे, आणि पालकांशी एकट्यात बोलून भरून घ्यायचा. अशा मुलाला पाणी कमी पडलं, थंडी वाजली, फार दमवलं तर हातापायात, छातीत भयंकर दुखणं उठू शकतं. डिसेंबरात आपल्याकडे पारा दहाच्याही खाली जातो, पहाटे गार पाण्याने आंघोळीची सक्ती करणाऱ्या उत्साही दादांना हे आधीच सांगून ठेवा. पाय दुखतोय म्हणून रडणाऱ्या पोराला नखरे करतोस म्हणायच्या आधी फॉर्म बघायचा, आणि दुखणं वाढलं की वाट न बघता दवाखाना.

साप. नाग, मण्यार, घोणस (आपल्या भागात परड म्हणतात) आणि फुरसं, हे चार ओळखता आले पाहिजेत. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावला तर बऱ्याचदा दुखतही नाही आणि खूणही दिसत नाही, पहाटे पोटदुखी, उलटी, पापण्या जड होणं असं सुरू होतं. म्हणून तंबूची चेन बंद, रात्री बाहेर पडताना टॉर्च आणि बूट, खरकटं तंबूजवळ नाही कारण उंदीर आले की मागे साप येतो. चावला तर दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं, झाडफूक यातलं काही नाही. अंगठी-कडं काढा, हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, झोपवून न्या. जवळच्या सरकारी दवाखान्यात सापाच्या विषावरची लस (अँटी-व्हेनम) आहे का हे कॅम्पच्या आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवायचं, रात्री बाराला नागपूरच्या मेडिकल कॉलेजपर्यंत गाडी पळवत विचारायचं नाही.

पाणी. तलाव असो नाहीतर कन्हान नदी, आमच्याकडे पोहणं नाही, पाय बुडवणं नाही. वाळू उपसलेल्या जागी वरून गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला डोह असतो. मोठ्यांनाही शिकवा की कोणी बुडत असेल तर उडी नाही, दोर फेका, काठी द्या, रिकामं कॅन फेका. आम्ही दोर फेकायची प्रॅक्टिस मैदानावर करतो, पंधरा पावलांवर ठेवलेल्या बादलीत.

बाकी थोडक्यात. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर झाडाखाली नाही, पक्क्या इमारतीत किंवा बंद बसमध्ये, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच. आग्या मोहळ दिसलं की धूर, दगड, अत्तर, आरडाओरडा बंद आणि वाट बदला. रामटेकच्या पायऱ्यांवर माकडांसमोर डबा उघडायचा नाही. १५ फेब्रुवारी ते १५ जून जंगलात वणव्याचा हंगाम असतो, तेव्हा शेकोटीचा विषयच काढू नका, आणि एरवीही जंगलाच्या हद्दीत पाय टाकायच्या आधी वनविभागाची लेखी परवानगी घ्या.

६. मोजणी

एकदा गोरेवाड्याच्या बाजूला सकाळचं फिरणं होतं, चोवीस मुलं. परतताना मी डोकी मोजली, चोवीस भरली, निघालो. दोनशे पावलांवर एका मुलीने विचारलं, ताई, माझा भाऊ कुठंय? मी एका व्हॉलंटियर ताईंच्या मुलाला धरून मोजलं होतं, जो यादीत नव्हताच. तो भाऊ हापशीवर बाटली भरत होता, तीन मिनिटांत सापडला, पण त्या तीन मिनिटांत माझे पाय लटपटत होते आणि त्या मुलीचा चेहरा मला आजही आठवतो.

तेव्हापासून डोकी मोजणं बंद. प्रत्येक मुलाला नंबर, मुलं स्वतः आपापला नंबर ओरडतात, आणि प्रत्येकाची जोडी ठरलेली, जोडीदार दिसत नसेल तर लगेच हात वर. मोजणी निघताना, पाणी प्यायला थांबल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, बसमध्ये चढल्यावर आणि झोपायच्या आधी. रांगेच्या पुढे एक मोठा आणि सगळ्यात मागे एक, मागच्याच्या मागे कोणीही नाही. ट्रेनिंगमध्ये आम्ही एकाला गुपचूप लपायला सांगतो आणि किती वेळात लक्षात येतं ते घड्याळावर बघतो. पहिल्या खेपेला सात-आठ मिनिटं लागतात, नंबर पद्धत अंगवळणी पडली की एका मिनिटाच्या आत.

७. "थांबा" म्हणायची सवय

कॅम्पला प्रमुख एकच असावा आणि शेवटचा शब्द त्याचा. पण थांबवायचा हक्क प्रत्येकाला, अगदी पहिल्यांदा आलेल्या कॉलेजच्या पोरीला सुद्धा. आपल्याकडे वयाने लहान माणूस मोठ्यांना अडवत नाही, हा संस्कार इतका खोल आहे की नुसतं सांगून भागत नाही, नाटक करून घ्यावं लागतं. मी प्रमुख बनते, म्हणते आभाळ आलंय पण पोरांचा हिरमोड नको, जाऊन येऊ पटकन. समोरच्याने मला थांबवायचं. पहिल्यांदा सगळे "मॅडम, म्हणजे, बघा ना..." करतात. "ताई, थांबा, गडगडतंय, आपण जात नाही आहोत" हे वाक्य सरळ तोंडातून निघेपर्यंत मी पुन्हा पुन्हा करायला लावते.

आणि परतायची वेळ निघायच्या आधी कागदावर. साडेदहाला मागे फिरायचं ठरलं तर शिखर दहा पावलांवर असलं तरी फिरायचं.

८. मोठ्यांचा मुक्काम, मग खरा कॅम्प (नोव्हेंबर-डिसेंबर)

मुलांना नेणार त्याच जागी आधी फक्त मोठ्यांनी एक रात्र काढा. संडास कुठे, हातपंप चालतो का, मोबाइलला रेंज कोणत्या कंपनीची आणि कुठल्या टेकाडावर येते, ॲम्ब्युलन्स फाट्यावरून आत येऊ शकते का. रात्री अकराला मी कोणाला तरी उठवते आणि सांगते, एका मुलाला दम्याचा झटका आलाय, चल. तो फोन लावायचं नाटक करतो तेव्हा "रामटेकच्या जवळ" असं मोघम सांगतो की गाव, फाटा, खूण, मुलाचं वय, काय होतंय आणि परत फोन करायचा नंबर हे सगळं सांगतो, ते बघायचं.

मग खऱ्या कॅम्पला नवीन माणूस जुन्याच्या जोडीने. पहिल्या दिवशी नुसता बघतो, दुसऱ्या दिवशी एक तास गट त्याच्या हातात. स्वतंत्र गट पुढच्या कॅम्पला, घाई नाही. रात्री मुलं झोपली की सगळे मोठे चहा घेऊन वीस मिनिटं बसतात, तीनच प्रश्न: आज काय घडलं, कोणत्या मुलाकडे उद्या लक्ष द्यायचंय, उद्या आपण काय बदलणार. बारीकसारीक सगळं सांगायचं, बूट घसरला, गॅसची नळी सैल होती, कोणी जेवलं नाही. ते वहीत तारीख-वेळेसह लिहायचं, पुढच्या वर्षीचं ट्रेनिंग मी त्याच वहीतून बनवते.

ज्यांना यात पुढे जायचंय त्यांनी भारत स्काउट्स आणि गाईड्सचे लीडर कोर्स करावेत, त्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे, म्हणजे छिंदवाड्यावरून आपल्याला तसं जवळच. बाकीच्यांसाठी फेब्रुवारीत आमची अर्ध्या दिवसाची बैठक असते, वही मधे ठेवून पहिल्या पानापासून वाचतो. आता त्या तंबूवाल्या काकांकडे खुंटी-दोराचं ट्रेनिंग आहे, पोरं ठोकत असतात आणि काका सहा पावलांवर हात पाठीमागे बांधून उभे असतात.